कापसाचा बर्फ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, माय होती तोवर तिलाही नाही. आमच्या चित्रपट मंडळाच्या पत्रकात ‘घरी बघावेत असे मूकपट’ या मथळ्याखाली माझ्या नावानं सहा टिपणं छापून आली होती. त्यांच्या जोरावर गेली बारा-तेरा वर्षं नागपुरातली चार शहाणी माणसं मला सिनेमातलं कळतं असं धरून चालली आहेत. त्या टिपणांतलं बघणं माझं नव्हतं. ते माझ्या बहिणीचं होतं.

गेल्या आठवड्यात मंडळाचं पत्र आलं. टिपणांची पुस्तिका काढायची आहे. आता घरोघरी व्हिडिओ आलेत, लोक वाट्टेल ते आणून बघतात, तेव्हा ‘आपल्या तरल दृष्टीचा लाभ नव्या पिढीला व्हावा’, म्हणून दोन पानं प्रस्तावना आणि एक फोटो पाठवावा. पत्र वाचलं आणि मला असा राग आला की हातातला चहा मी तसाच मोरीत ओतला. बायको म्हणाली, साखर कमी झाली का? मी सहसा बोलतच नाही. माझ्या न बोलण्याला लोक भारदस्तपणा समजतात, त्याचाही मला राग आहे. पत्र लिहिणाऱ्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. ‘तरल’ हा शब्दसुद्धा त्यानं चांगल्या मनानं लिहिला असणार. पण ती दृष्टी तरल बिरल नव्हती. ती सुईच्या टोकासारखी होती आणि ब्लाउजच्या काखेत टाके घालून घालून तशी झाली होती.

पुन्हा मे लागला आहे. दहा वाजताच रस्ता मोकळा होतो, डांबर चपलेला धरून ठेवतं, सायकलच्या सीटला हात लावला तर पोळतो. गल्लीत कुणाच्या तरी छतावर मिरच्या वाळत घातल्यात आणि वारा फिरला की अख्खी ओळ शिंकते. ही शिंक आली की मी त्या उन्हाळ्यात जातो. जायचं नसतं. जावं लागतं.

त्या वर्षी मंडळाला एक पेटी मिळाली होती. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मरण्यापूर्वी आपल्याजवळची सोळा मिलीमीटरची रिळं देऊन टाकली होती. पत्र्याचे डबे, आत मूकपट, सगळे परदेशातले, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्लेल्या. उन्हाळ्यात मंडळाचे खेळ बंद असत, कारण सीताबर्डीवरच्या त्या हॉलमध्ये मे महिन्यात माणूस बसूच शकत नसे. अध्यक्ष होते एक निवृत्त वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. त्यांनी ठरवलं की ही रिळं प्रोजेक्टरसकट सभासदांना आठवड्याच्या बोलीनं घरी न्यायला द्यायची. त्याआधी कुणीतरी सगळी बघून, कोणतं काय आहे, घरी बघण्याजोगं आहे का, हे लिहायला हवं. मी मंडळाचा सहचिटणीस. कचेरीत कारकून, लग्न व्हायचं होतं, टायपिंग येत होतं. प्रोजेक्टर आणि पेटी सायकलरिक्षात घालून मी पाचपावलीला आमच्या घरी आणली.

त्या मंडळात पाचपावलीचा, मिलकामगारांच्या वस्तीतला, मी एकटाच होतो, हे इथंच सांगून टाकतो. बाकीचे धंतोली, रामदासपेठेकडचे, बंगलेवाले. त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. ‘तुम्ही कुठले?’ एवढंच विचारत आणि उत्तर ऐकून ‘हां हां’ म्हणत. त्या ‘हां हां’मध्ये काय होतं, ते नेमकं कधी सांगता येणार नाही. पण मी त्याला घाबरत होतो आणि माझी भाषा त्यांच्यासारखी व्हावी म्हणून घरी आरशापुढे बोलून बघत होतो. मायसमोर ‘मला’ म्हणालो की माय म्हणे, “मले म्हन ना गा. कोन पाहुना आला घरात?”

आता आक्का. विमल तिचं नाव, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, सत्तावन्न साली, तिला मेंदूज्वर झाला. त्यातून ती वाचली, ऐकणं गेलं. तेव्हा ती तिसरी शिकली होती, बोलत होती, भांडत होती, त्यामुळे बोलणं राहिलं. आवाज मात्र सपाट झाला आणि मोठा. कुजबुजायचं असलं तरी शेजारच्या दोन घरांना कळे. गल्ली तिला मुकी म्हणायची. मुकी! त्या गल्लीत तिच्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. ती तुमच्या ओठांकडे बघायची आणि तुम्ही काय म्हणता ते तिला कळायचं, आपल्या बोलीत तर नक्कीच. बायका ब्लाउज शिवायला येत आणि मापं देता देता तिच्याबद्दलच काहीबाही बोलत. ती ऐकत नाही ना, मग काय. ती टेप गळ्यात टाकून शांतपणे सगळं बघून घेई आणि शेवटी म्हणे, “झालं तुमचं? आता हात वर करा, काख मोजू द्या.” बायकांची तोंडं पाहण्यासारखी होत.

बोलपट तिनं आयुष्यात एकदाच पाहिला होता. माय घेऊन गेली होती तिला. अर्ध्यात उठून आली. “त्यायले बोलाचं असते आन् तोंड फिरवून उभे राह्यतात,” म्हणाली. “माह्याशी भांडन झाल्यासारखे.”

आमच्या दोन खोल्या होत्या, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. दारखिडक्यांना ओली पोती. गल्लीतल्या मिस्त्रीनं जाड पत्र्याचा एक कूलर करून दिला होता. गार हवा थोडी, आवाज मालगाडीसारखा. तो चालू असताना माय मला पाणी मागायची तर हातानं पेला करून दाखवायची. भर दुपारी घरात असा अंधार की दिवा लावावा लागे. म्हणजे सिनेमा दाखवायला याहून चांगली जागा नाही. माझ्या टिपणांच्या आरंभी एक वाक्य आहे, जे मंडळात फार गाजलं: ‘नागपूरच्या उन्हाळ्यात घरी बघावा तो मूकपटच, कारण कूलरपुढे बोलपटाचं काही चालत नाही.’ लोक हसले, वकीलसाहेबांनी दोनदा वाचून दाखवलं. ते वाक्य मायचं आहे. ती म्हणाली होती, “बरं झालं हे लोक बोलत नाही. या कूलरपुढं कोनाचं काय आयकू येते?” मी त्याला इस्त्री केली, एवढंच.

पडद्यासाठी भिंतीवर जुनी चादर लावली. त्याच चादरीवर मायनं आठ दिवस भिवापुरी मिरची वाळवली होती. दोनदा धुतली तरी तांबूस डाग राहिले, खालच्या बाजूला जास्त. प्रोजेक्टर सुरू झाला, चौकोन उजळला आणि मी शिंकलो, माय शिंकली, आक्का शिंकली. पहिल्याच चित्रात बर्फ पडत होता. आक्का जोरात हसून म्हणाली, “सुध्या, बर्फाले मिरची लागली पाह्य!”

तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की ती खोलीत सगळ्यांच्या बरोबरीनं बसली आहे. कूलर, प्रोजेक्टर आणि अंधार. ऐकू कुणालाच काही येत नव्हतं. मधल्या संवादांच्या पाट्या इंग्रजीत; त्या मला अर्ध्यामुर्ध्या कळत, मायला आणि तिला नाहीच. मी वाचून सांगायला लागलो तर आक्कानं हात हलवला. “नोको सांगू. कळते मले.” कवेलूच्या फटीतून उन्हाचा एक गोल कवडसा चादरीवर पडे आणि दुपारभर सरकत राही. कधी नायिकेच्या गालावर, कधी घोड्याच्या पाठीवर. आक्का म्हणे, तेवढं आपल्या नागपूरचं.

तिनं चित्रांना नावं दिली. खरी नावं मला अजूनही नीट ठाऊक नाहीत आणि ती शोधायला मी कधी गेलो नाही. एक होतं कोटवाल्याचं. एक नोकरी शोधणारा माणूस शहरभर हिंडतो, लोक त्याच्या चालीला हसतात. मीही हसत होतो. आक्का हसेना. रीळ संपल्यावर बदलायला मी कूलर बंद केला. तो चालू असला की व्होल्टेज इतकं उतरे की बल्ब मंद व्हायचा. त्या शांततेत तिचा मोठा आवाज आला.

“तो कोट त्याचा नाही.”

“म्हणजे?”

“खांदा पाह्य ना. शिवन खाली उतरली हाये दोन बोटं. आन् डाव्या कोपरावर घासला हाये. हा तर उजव्या हातानं सगळं करते. ज्याचा कोट होता तो डावखुरा होता. मेला असन.”

“तुले काय माहीत मेला म्हणून?”

“जिता माणूस थंडीत कोट देते काय गा?”

दुसऱ्या रिळात एक बाई त्या माणसाला रस्त्यात बघून थबकते, जवळ येते आणि त्याच्या डाव्या कोपरावर हात ठेवते. ती कोटाच्या मूळ मालकाची विधवा. मी आक्काकडे बघितलं. ती पडद्याकडेच बघत होती, जिंकल्यासारखं तोंड न करता. “तो अशी चाल काहून चालते, माहीत हाये?” म्हणाली. “बाही आखूड हाये. हात हलवला त मनगट दिसते. लाज वाटते त्याले.”

वाचकहो, ते टिपण तुमच्यापैकी कुणी वाचलं असेल. ‘दिग्दर्शक दारिद्र्य चेहऱ्यावर दाखवत नाही, ते तो बाहीच्या लांबीत दाखवतो.’ हे माझं वाक्य. यातला ‘दिग्दर्शक’ माझा, ‘दारिद्र्य’ माझं, ‘लांबीत’ माझं. उरलं काय, ते तुम्ही बघा.

एक होतं धावपळीचं. नुसती पळापळ, पडझड, गाड्या उलटतात, पिठाची पोती फुटतात. मायला ते इतकं आवडलं की तिनं चार वेळा लावायला सांगितलं. आक्का मात्र चारही वेळा कोपऱ्यातली एक बाई बघत बसली. गर्दीतली साधी बाई, टोपली घेऊन उभी, तिला कुणी काही करायला सांगितलेलं नसावं. सगळे पळतात आणि ती सरळ आपल्याकडे बघते. “तिले समजलं नाही सिनेमा चालू हाये,” आक्का म्हणाली. “कोनी सांगतलंच नसन.” ते चित्र घरी आणलंत तर पळणाऱ्यांकडे बघू नका; डावीकडच्या भिंतीपाशी बघा. हे मी लिहिलं होतं आणि आजही हेच सांगेन, फक्त आज हे कोण सांगतंय ते सांगून.

आणि एक बर्फाचं.

डोंगरातलं घर, एकटी बाई, नवरा बाहेर गेलेला, ती रोज दोन ताटं मांडते. बाहेर बर्फ पडतो, पडतच राहतो. मला ते चित्र संथ वाटलं. माय तर पेंगली. आक्का एकदम उठली, पडद्याजवळ गेली, तिची सावली त्या बाईच्या घरावर पडली. मी ओरडलो, अर्थात उपयोग नव्हता. तिनं चादरीवर बोट ठेवलं, जिथून तो बर्फ खाली येत होता.

“हा कापूस हाये,” ती म्हणाली. “सरकी काढलेला. पाह्य, पडताना फिरते. बर्फ असा फिरन काय? बाबाच्या अंगावर असाच राहे.”

बाबा मिलमध्ये होते. पाळी संपवून येत तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीच्या केसांवर बारीक पांढरं असे. आक्का लहानपणी ते फुंकरीनं उडवायची आणि बाबा डोळे मिटून उभे राहायचे. नंतर ते आतूनही पांढरे झाले असावेत. खोकत खोकत गेले. त्यांचा खोकला आम्ही ऐकला. आक्काला तो फक्त दिसला. ती बाई खिडकीशी उभी होती, बाहेर तो कापूस पडत होता आणि आक्का चादरीशी उभी राहून रडत होती, ज्या जागी त्या चित्रात रडण्याजोगं काहीच घडत नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी लिहिलं: ‘हा बर्फ खोटा आहे, आणि म्हणूनच तो आठवणीसारखा पडतो.’

हे वाक्य पुढं एका प्राध्यापकांनी आपल्या भाषणात घेतलं. एका सभासदानं पाठ करून मला म्हणून दाखवलं. आज मला ते वाक्य फाडून टाकावंसं वाटतं. आठवणीसारखा! अरे, कापूस होता तो. माझ्या बापाच्या भुवईवरचा कापूस. मिल काढली, बाप काढला, खोकला काढला, आक्काची फुंकर काढली आणि धंतोलीच्या दिवाणखान्यात शोभेल असा एक बर्फ मांडून दिला. नुसती चोरी केली असती तर कदाचित मी इतका चिडलो नसतो. मी चोरलं आणि स्वच्छ धुतलं. डाग राहू दिला नाही.

ती मला लिहिताना बघत असे.

“काय लिहून राहिला गा?”

“तू सांगतेस ते.”

“कोनासाठी?”

“लोकांसाठी. छापणार आहेत.”

तिनं मशीनचं चाक थांबवलं. मग तोंडात धरलेली टाचणी काढून म्हणाली, “मंग नाव टाकजो माह्यं. टेलर नोको लिहू. नुसतं विमल लिहजो.”

मी हो म्हणालो. तिच्याकडे तोंड करून, स्पष्ट, तिला कळेल असं.

पत्रकाचं स्टेन्सिल मीच टाईप केलं, कचेरीत, सुटी झाल्यावर. मथळा टाईप केला. खाली नावाची जागा आली. विमल, तीन अक्षरं. जागा होती. मी माझं आणि बाबांचं नाव टाईप केलं, आडनाव नाही, आडनावावरून जात कळते म्हणून ते मी तिथं तेव्हा टाळतच असे, आणि मशीनवरून स्टेन्सिल काढलं. कुणी मला दटावलं नव्हतं. वकीलसाहेबांनी काही विचारलं नव्हतं. जगाला दोष द्यायला मला फार आवडलं असतं आणि जगाला दोष आहेही. पण त्या खोलीत जग नव्हतं. मी आणि टाईपरायटर होतो. छापलेलं पत्रक मी घरी नेलं नाही. आक्कानं विचारलं, तर म्हणालो, कागदाची टंचाई आहे, सभासदांपुरतंच काढलंय.

जुलैत मंडळाचे खेळ सुरू झाले. पहिला खेळ कोटवाल्याचा ठेवला होता आणि त्यानंतर मी टिपण वाचायचं होतं. हे घरात कळलं होतं. मी तिला ये म्हणालो नव्हतो. ती आली. एकटी, सीताबर्डीपर्यंत, त्या हॉलमध्ये, पांढऱ्या साडीत, स्वतः शिवलेल्या निळ्या ब्लाउजमध्ये. खेळ सुरू व्हायच्या आधी मला ती दिसली नाही. दिवे लागले तेव्हा दिसली, चौथ्या ओळीत, कडेला. तिचं तोंड उजळलेलं होतं. तिनं तो कोट तेवढा मोठा पहिल्यांदाच पाहिला होता.

मी वाचायला उभा राहिलो. ती माझ्या ओठांकडे बघत होती. डाव्या कोपराचं आलं, उतरलेल्या खांद्याचं आलं, बाहीचं आलं. माझ्या तोंडातून आपलं बोलणं बाहेर पडताना तिनं बघितलं आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून, आपल्या त्या मोठ्या सपाट आवाजात ती म्हणाली,

“हे म्या सांगतलं त्याले!”

भांडण नव्हतं हो त्यात. तक्रार नव्हती. खुशी होती. तिला वाटलं होतं, नाव टाकलेलं आहे. सगळ्यांना ठाऊकच आहे. आता लोक तिच्याकडे बघतील. लोकांनी बघितलंच. सगळ्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. वकीलसाहेब खुर्चीतून माझ्याकडे वाकले.

“कोण हो त्या बाई? तुमच्या ओळखीच्या आहेत का?”

माझ्या डोक्यावर बल्ब होता. आक्का वीसेक फुटांवर. मी तिच्याकडे बघत बघतच बोललो. एवढ्या वर्षांची सवय असून तोंड फिरवायचं मला सुचलं नाही. गल्लीतल्या त्या बायकांनी जी चूक केली तीच मी केली. ऐकत नाही ना ती, मग काय.

“आमच्याकडे ब्लाउज शिवून देतात,” मी म्हणालो. “ऐकू येत नाही त्यांना. बिचाऱ्या काहीही बोलतात.”

‘त्यांना’ म्हणालो मी. माझ्या आक्काला.

“हां हां,” वकीलसाहेब म्हणाले.

ती बसली होती तशीच बसून राहिली, पण तिचे डोळे माझ्या ओठांवरून खाली आले. हळू नाही, झटकन नाही. माप घेऊन झाल्यावर टेप सोडून द्यावी तसे. मी पुढचा परिच्छेद वाचला. टाळ्या झाल्या. मी मान वर केली तेव्हा चौथ्या ओळीतली कडेची खुर्ची रिकामी होती.

घरी आलो तर तिनं ताट वाढून ठेवलं होतं. मायला ती काही बोललेली नव्हती. मी “आक्का,” म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या कॉलरकडे. तोंडाकडे नाही. “बटन ढिल्लं झालं,” म्हणाली. “सकाळी दे.”

ऐकणाऱ्या माणसाला रुसायचं तर बोलणं बंद करावं लागतं. तिला तेवढंही करावं लागलं नाही. ती माझ्याशी बोलते. आजही बोलते. रविवारी मी जातो तेव्हा चहा करते, पोरांची विचारपूस करते. माझ्या बायकोच्या ओठांकडे बघून खदखदून हसते. पोरं तिच्या पुढ्यात बसून तोंडं वेडीवाकडी करून गोष्टी सांगतात आणि ती त्यांना त्यांच्यापेक्षा बरी गोष्ट परत सांगते. माझ्याकडे वळली की डोळे कॉलरवर येतात, फार तर हनुवटीपर्यंत. मी काय म्हणालो हे ती बायकोला विचारून घेते. मोठीनं एकदा विचारलं होतं, “बाबा, आत्या तुमच्याकडे काहून नाही बघत?” मी तिला गृहपाठाचं विचारलं.

माझा खरा राग इथं आहे. त्या दिवसाचा राग आहेच, पण त्या दिवशी मी भ्यालेला, विशीतला कारकून होतो, आणि त्याला माफ करणारा कुणीतरी मिळेलही. त्यानंतरच्या वर्षांना कोण माफ करणार? तिनं माझ्याकडे बघणं सोडलं, आणि मला त्याची सोय वाटली. ती बघतच नाही तर मी सांगणार कसं, असं मी स्वतःला म्हणत आलो. पत्रक निघाल्यावर वर्षानुवर्षं मंडळानं मला बोलावून बोलावून व्याख्यानं द्यायला लावली, मी तीच सहा चित्रं उलटसुलट करून बोलत राहिलो. सातवं कधी बोलता आलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, यावरून त्या शहाण्यांचीही परीक्षा होतेच. बघणारी पाचपावलीत ब्लाउज शिवत होती. ती पेटी पुढं कुणाकडून तरी परत आलीच नाही. तिनं ती चित्रं त्यानंतर पुन्हा पाहिली नाहीत. दुसरीही पाहिली नाहीत. मी कधी घेऊन गेलोच नाही. पेन्शनीतल्या वकिलांच्या दिवाणखान्यात मूकपट फिरत राहिले, मागे ग्रामोफोनवर तबकडी लावून, सरबत पीत. आणि ज्या एका बाईसाठी ते जणू बनवले होते तिच्या भिंतीवर पुन्हा कुणी चादर लावली नाही.

हे पत्र आल्यावर गेल्या रविवारी मी गेलो. बायकोला, पोरांना नेलं नाही. दुपार होती, दाराला पोती, आत अंधार. कूलर आता दुसरा आहे, पण आवाज तसाच. आक्का मशीनपाशी बसून काज करत होती. चष्मा लागला आहे तिला. मी समोर बसलो आणि सगळं बोललो. नाव टाकलं नाही ते, हॉलमधलं ते, बाबांच्या कापसाचं मी काय केलं ते. कूलरमध्ये माझं मलाच ऐकू येत नव्हतं. ती मान खाली घालून होती. बोटं चालली होती. माझं बोलून झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, “पन्हं ठेवलं हाये माठाजवळ. घेजो.”

मी पन्हं घेतलं. परत येताना, सायकल हातात धरून त्या रणरणत्या गल्लीतून चालताना, मला हलकं वाटायला लागलं. सांगून टाकलं एकदाचं. गोळीबार चौकापर्यंत मी तसा हलका हलका आलो आणि तिथं मला माझीच किळस आली. कुणाला सांगितलं मी? खाली घातलेल्या मानेला. मला पक्कं ठाऊक होतं की ती बघत नाहीये, म्हणून तर मला ते सगळं इतकं सरळ बोलता आलं. पुन्हा तेच. तिला ऐकू येत नाही ना, मग काय.

मंडळाला मी कळवलं आहे की पुस्तिका काढायची तर विमल या नावानं काढा, फोटो पाठवणार नाही, प्रस्तावनेऐवजी हा लेख घ्या. नसेल जमत तर काढू नका. हे करायला मला कष्ट पडले नाहीत. कागदावर मी नेहमीच बरा असतो. हा लेख आक्काच्या हाती पडेल. ती अक्षर लावून लावून वाचते, वाचेल. त्यानं माझी सुटका होत नाही. मी तिला नाकारलं ते छापून नाही, तोंडानं नाकारलं, तिच्या डोळ्यांदेखत.

तेव्हा माझं देणं एवढं आहे. ती माझी सख्खी मोठी बहीण आहे आणि जे बघितलं ते तिनं बघितलं, हे मला तिच्यासमोर, उजेडात बसून, तिनं माझ्या ओठांकडे बघेपर्यंत थांबून सांगायचं आहे. एका दुपारी नाही बघितलं तर दुसऱ्या दुपारी. ते मी अजून केलेलं नाही.